राहिलेला निरोप

मागच्या अंकात 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या अमेरिकी सुपरहिरो मालिकांमधल्या पाच भागांच्या कथेचा मी जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलंय. जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय: जुन्या मालिकांमधली ही माणसं परत का आली, आणि ती आहेत तरी कोण?

ताई, मी नववीत आहे. 'द फ्लॅश'मध्ये बॅरीच्या, म्हणजे अतिवेगाने धावणाऱ्या फ्लॅशच्या, वडिलांना झूम हा खलनायक मारून टाकतो. पुढच्याच भागात लोखंडी मुखवटा काढल्यावर आत तेच निघतात, पण नाव जे गॅरिक. मग 'क्रायसिस'मध्ये ते तिसऱ्यांदा येतात, फ्लॅशच्याच पोशाखात, आणि परत मरतात. माझे मित्र म्हणतात, नट कमी पडले असतील. खरं काय आहे?
*एक विद्यार्थी, चिपळूण*

नट कमी पडले नव्हते, बाळा. त्या माणसाशिवाय ही गोष्ट सांगताच आली नसती, म्हणून तो तीनदा आला. नीट सांगते, कारण हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

त्या नटाचं नाव जॉन वेस्ली शिप. तू पाहतोस त्या मालिकेच्या कितीतरी आधी टीव्हीवरचा फ्लॅश तोच होता. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर २० सप्टेंबर १९९० ला 'द फ्लॅश' नावाची मालिका सुरू झाली. त्यातला बॅरी ॲलन म्हणजे शिप. शास्त्रज्ञ टीना मगी झाली होती अमांडा पेज. संगीताची मुख्य धून डॅनी एल्फमनची. मालिका खर्चिक होती. तिची वेळ ठेवली गुरुवारी रात्रीची, आणि त्याच वेळी समोरच्या वाहिन्यांवर 'द कॉस्बी शो' आणि 'द सिम्पसन्स' असायचे. पुढे जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं, बातम्यांपुढे मालिकांचे भाग मागे पडायला लागले. वेळ बदलली, वार बदलला, प्रेक्षक पांगले. १८ मे १९९१ ला बाविसावा भाग दाखवला आणि मालिका बंद झाली. शेवट असा केलाच नाही. नेहमीसारखा एक भाग संपला आणि पुढचा आला नाही.

मला हे कसं कळलं ते सांगते. मिरजेला दादाची आणि माझी कॅसेट लायब्ररी होती. दादा गल्ल्यावर बसायचा. मी वहीत नावं लिहायची, परत आलेल्या कॅसेट रिवाइंड करायची आणि आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने व्हीसीआरचं हेड पुसायची. मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी मालात एकदा 'द फ्लॅश टू: रिव्हेंज ऑफ द ट्रिकस्टर' आली. आम्हाला वाटलं सिनेमा आहे. प्रत्यक्षात मालिकेतले ट्रिकस्टरचे दोन भाग जोडून त्याची कॅसेट केली होती. ट्रिकस्टरचं काम मार्क हॅमिलचं. लाल जाडजूड पोशाखातला शिप मला इतका आवडला की दुकान बंद झाल्यावर मी ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावायची. एका गिऱ्हाइकाच्या व्हीसीआरमध्ये तिची पट्टी अडकली. दादाने खराब झालेला तुकडा कापला आणि दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली. तेव्हापासून आमच्या कॅसेटवर शेवटची काही मिनिटं नव्हतीच. शेवटी काय झालं हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. २००६ साली या मालिकेचा डीव्हीडी संच निघाला, तो मिळवून मी शेवट पाहिला, आणि लक्षात आलं की आमच्या कात्रीने फारसं काही हरवलंच नव्हतं. बॅरी आणि टीनाचं पुढे काय झालं, हे त्या संचातही नव्हतं.

आता तुझ्या मालिकेकडे येते. ७ ऑक्टोबर २०१४ ला ती सुरू झाली. नवा बॅरी ग्रँट गस्टिन. त्याचा जन्म १४ जानेवारी १९९० चा, म्हणजे जुना फ्लॅश पडद्यावर आला तेव्हा हा आठ महिन्यांचा होता. निर्मात्यांनी शिपला बोलावून त्याला या नव्या बॅरीचा बाप केलं, हेन्री ॲलन. बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात असलेला. मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोन, आणि काचेला टेकलेले दोन हात आठवतात ना तुला? तुझ्यासाठी ते बाप-लेक होते. माझ्यासाठी जुना फ्लॅश नव्या फ्लॅशला धीर देत होता. एकाच प्रसंगात दोन गोष्टी चालल्या होत्या, आणि दुसरी ठाऊक नसली तरी पहिलीत काही कमी पडत नव्हतं. हे साधणं अवघड असतं.

पहिल्या मोसमातला सतरावा भाग पाहिला नसशील तर पाहा. 'ट्रिकस्टर्स', ३१ मार्च २०१५. मार्क हॅमिल परत आलाय, ट्रिकस्टरच आहे, पण म्हातारा आणि तुरुंगात. त्याच्या तरुणपणचे म्हणून जे फोटो दाखवलेत ते खरोखर त्या जुन्या मालिकेतले आहेत. आणि तो पळून जाताना ओलीस कोणाला धरतो? हेन्री ॲलनला! चोवीस वर्षांनी तेच दोघे समोरासमोर, फक्त या वेळी पोशाख दुसऱ्याच्या अंगावर. त्याच भागात बॅरी वडिलांना मुखवट्याआडचा चेहरा दाखवतो. शिपच्या डोळ्यांत त्या क्षणी जे दिसतं ते पाहायला मी तो भाग कितीदा लावला असेल, मोजलं नाही.

दुसऱ्या मोसमाच्या अखेरीस, मे २०१६ मध्ये, हेन्री मरतो. तू गोंधळलास तो इथे. हेन्रीने आधी सांगून ठेवलेलं असतं की त्याच्या आईचं माहेरचं आडनाव गॅरिक. म्हणजे मुखवट्यातला जे गॅरिक हा वेगळ्याच, समांतर पृथ्वीवरचा त्याचाच जोड, चेहरा तोच पण माणूस निराळा. बॅरीला बापाचा चेहरा परत मिळतो, बाप मिळत नाही. मला ही कल्पना क्रूर वाटली होती आणि अजूनही थोडी वाटते.

आणि तिसरा तो अर्थ-९० वरचा, म्हणजे नव्वद क्रमांकाच्या पृथ्वीवरचा. त्या नावातच उत्तर आहे: १९९० सालच्या मालिकेचं जग. हा कोणाचा जोड वगैरे नाही. हा तोच बॅरी, माझ्या कॅसेटमधला, तीस वर्षांनी वाढलेला. डिसेंबर २०१८ च्या 'एल्सवर्ल्ड्स' या तीन भागांच्या कथेची सुरुवात त्याच्यापासून होते. त्याचं जग उद्ध्वस्त झालंय, आजूबाजूला मेलेले वीर पडलेत आणि तो पळतोय.

'क्रायसिस'च्या तिसऱ्या भागात, १० डिसेंबर २०१९ ला, तो पुन्हा सापडतो तेव्हा शत्रूने त्याला एका यंत्रावर जुंपलेलं असतं. त्याच्या धावण्यावर ती प्रतिद्रव्याची तोफ चालते. ती थांबवायची तर कोणीतरी उलट्या दिशेने मरेपर्यंत धावायला हवं. फ्लॅश मरणार, हे भाकीत आधीच झालेलं. गस्टिनचा बॅरी तयार होऊन उभा असतो, घरच्यांचा निरोपही घेऊन आलेला असतो. म्हातारा फ्लॅश त्याच्या अंगातला वेग काढून घेतो, म्हणजे त्याला धावताच येऊ नये, आणि स्वतः त्या यंत्रावर चढतो. भाकितात फ्लॅश मरणार एवढंच होतं, कोणता ते नव्हतं.

हे कुठून आलं तेही सांगते. १९८५ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी याच नावाची बारा अंकांची कॉमिक्स मालिका केली. तिच्या आठव्या अंकात बॅरी ॲलन तीच तोफ नष्ट करताना धावत धावत मरतो, एकटाच. वीस वर्षांहून जास्त काळ तो मेलेलाच राहिला. म्हणजे १९९० मध्ये शिप पडद्यावर बॅरी म्हणून धावत होता तेव्हा कॉमिक्समधला बॅरी हयात नव्हता, तिथे फ्लॅशचा पोशाख वॉली वेस्टकडे होता. हे कळल्यापासून मला ती जुनी मालिका वेगळीच दिसायला लागली.

आणि तो धावत असताना त्यांनी काय केलं? एल्फमनची ती जुनी धून वाजवली, आणि १९९० च्या मालिकेतलंच एक दृश्य मध्ये घातलं. तरुण शिप, तरुण अमांडा पेज, बॅरी आणि टीना. त्या जुन्या फिल्मचा रंगही तसाच ठेवला, चकचकीत केला नाही. मरणाऱ्या माणसाला आठवेल तशी ती आठवण आली. दोन्ही मालिका वॉर्नर ब्रदर्सच्या, म्हणून जुनं चित्रण घरातच होतं. पण ते वापरावंसं वाटणं, आणि तिथेच वापरावंसं वाटणं, हे कोणाच्या तरी मनातून आलेलं आहे.

मी रात्री पावणेबाराला दादाला फोन केला. तो आता कोल्हापूरला असतो. मी म्हटलं, दादा, सेलोटेपच्या पुढचं सापडलं.

मुलाच्या आग्रहाने त्याच्याबरोबर 'क्रायसिस'चे पहिले दोन भाग पाहिले. सुरुवातीला एक म्हातारा कुत्रा फिरवत असतो, एक जण बाकावर पेपर वाचत असतो, मग शेतावर लाकडं फोडणारा एक माणूस येतो. प्रत्येक वेळी मुलगा ओरडतो, 'आई, आई, तो!' मला कोणीच ओळखू येत नाही. निदान थोडक्यात सांगाल का?
*एक आई, नागपूर*

थोडक्यात सांगते, पण लाकडं फोडणाऱ्याजवळ थांबू द्या.

कुत्रा फिरवणारे बर्ट वॉर्ड, १९६६ च्या 'बॅटमॅन' मालिकेतले रॉबिन. त्या मालिकेत रॉबिन प्रत्येक आश्चर्याला 'होली' शब्दाने सुरुवात करायचा. इथेही आकाश लाल झालेलं पाहून ते तसंच ओरडतात. खऱ्या आयुष्यातही वॉर्ड आणि त्यांची पत्नी मोठ्या जातीच्या सोडून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळण्याचं काम करतात, त्यामुळे तो कुत्रा उगाच दिलेला नाही. पेपर वाचणारे रॉबर्ट वूल, १९८९ च्या 'बॅटमॅन' चित्रपटातले वार्ताहर अलेक्झांडर नॉक्स. पडद्यावर येणारे पृथ्व्यांचे आकडे पाहिलेत तर सोपं जाईल: अर्थ-६६, अर्थ-८९, अर्थ-९०. ज्या सालची कलाकृती, तो त्या जगाचा आकडा. हा नियम सगळीकडे लागत नाही, पण एवढ्यापुरता पुरतो.

दुसऱ्या भागातला केसांत पांढरी छटा असलेला सुपरमॅन म्हणजे ब्रँडन राउथ. २००६ च्या चित्रपटात तो एकदाच सुपरमॅन झाला होता, पुढचा चित्रपट निघालाच नाही. मग तो याच मालिकांमध्ये रे पामर नावाच्या दुसऱ्या वीराचं काम करत राहिला. तेरा वर्षांनी त्याच्या छातीवर ते चिन्ह परत आलं. त्याच्या आवाजात एक थकवा आहे, तो मला फार खरा वाटला.

आता तो लाकडं फोडणारा. टॉम वेलिंग. २००१ ते २०११ अशी दहा वर्षं, २१७ भाग, तो 'स्मॉलव्हिल' मालिकेत क्लार्क केंट होता. ती मालिका सुपरमॅन होण्याआधीच्या मुलाची. दहा वर्षं प्रेक्षक तो पोशाख कधी घालतो याची वाट पाहत होते, आणि अगदी शेवटच्या भागातही पोशाखातला वेलिंग जवळून असा दाखवलाच नाही. त्यामुळे तो 'क्रायसिस'मध्ये येणार हे कळल्यावर सगळ्यांची अपेक्षा एकच होती: आता तरी निळा पोशाख, लाल शेला.

आणि तो आला चौकटीच्या शर्टात! शेतावर, हातात कुऱ्हाड. वेगवेगळ्या पृथ्वींवरच्या सुपरमॅनना मारत फिरणारा लेक्स लूथर त्याच्यापुढे क्रिप्टोनाइट, म्हणजे सुपरमॅनला दुबळं करणारा दगड, धरतो. क्लार्क तो दगड सहज हातात घेतो, त्याला काहीच होत नाही. संसारासाठी, मुलांसाठी त्याने आपली शक्ती सोडून दिलेली असते. लेक्सला हे समजूच शकत नाही. असं कोणी का करेल? क्लार्क त्याला एक ठोसा लगावतो, लेक्स निघून जातो, त्याची बायको, एरिका ड्युरन्सची लोइस, घरातून बाहेर येते. दोनचार मिनिटांत सगळं संपतं.

पुष्कळ लोकांना राग आला. मला नाही आला. तुम्ही आई आहात म्हणून सांगते, तुमच्या मुलाला त्या प्रसंगात मजा आली नसेल तर आत्ता येऊ नये हेच बरोबर आहे. तो माणूस जगाला वाचवत नाहीये, घरी आहे. जो मुलगा दहा वर्षं 'मी कोण होणार' याने तळमळत होता, तो सुखाने राहतोय एवढंच त्यांनी सांगितलं, आणि लोइस त्याच्या शेजारी उभी होती.

याच भागातले केव्हिन कॉनरॉय मात्र मनाला टोचले. १९९२ च्या 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'पासून बॅटमॅनचा आवाज म्हणजे कॉनरॉय. सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा ते स्वतः ब्रूस वेन म्हणून कॅमेऱ्यासमोर आले. आणि त्यांना काय दिलं, तर धातूच्या सांगाड्यात अडकलेला, कडवट झालेला, माणसं मारलेला ब्रूस. अभिनय उत्तम आहे. तो आवाज ऐकला की अजून काटा येतो. पण ज्या आवाजाने हजारो पोरांना 'मारायचं नाही' हे शिकवलं त्यालाच मारेकरी करायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. १० नोव्हेंबर २०२२ ला कॉनरॉय गेले. बॅटमॅन म्हणून कॅमेऱ्यासमोर त्यांना दुसरी संधी मिळाली नाही.

हे सगळं प्रेक्षक खेचण्यासाठी नाही का? जुना चेहरा आणायचा, टाळ्या घ्यायच्या. यात तुम्ही एवढं भावनिक होण्यासारखं काय आहे?
*निवृत्त शिक्षक, पुणे*

सर, प्रेक्षक खेचण्यासाठी तर आहेच. मालिका करणाऱ्याने प्रेक्षक खेचू नयेत असं मी म्हणणार नाही. पण ओळखीचा चेहरा आला म्हणजे प्रत्येक वेळी टाळीसाठीच आला, असं नसतं. तुम्ही वर्गात कविता शिकवली असेल. जुना शब्द नव्या ओळीत कधी शोभेला येतो आणि कधी अर्थाला, हा फरक तुम्हाला माझ्याहून जास्त कळतो.

रीत जुनीच आहे. १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात आगगाडीतल्या लहानग्या लोइसचे आईवडील झाले होते नोएल नील आणि कर्क ॲलिन. हेच दोघे १९४८ च्या सुपरमॅनपटात लोइस आणि सुपरमॅन होते. 'सुपरगर्ल' मालिकेत २०१५ मध्ये नायिकेचे पालक झाले डीन केन आणि हेलन स्लेटर. केन आधी नव्वदच्या दशकातला टीव्हीवरचा सुपरमॅन, स्लेटर १९८४ च्या चित्रपटातली सुपरगर्ल. छान वाटतं, ओठांवर हसू येतं. त्याहून जास्त काही नाही, आणि त्यांचा तसा दावाही नाही.

पण दोन भाग पाहा आणि मग मला पत्र लिहा.

पहिला 'स्मॉलव्हिल'चा, 'रोझेटा' नावाचा, २५ फेब्रुवारी २००३ चा. तरुण क्लार्कला आपण कुठले, आपलं नाव काय, हे माहीत नाही. न्यू यॉर्कमध्ये एक शास्त्रज्ञ आहे, डॉक्टर व्हर्जिल स्वान. अंतराळातून आलेला संदेश त्याने उलगडलाय. क्लार्क त्याला भेटायला जातो. अंधाऱ्या खोलीत चाकाच्या खुर्चीत तो शास्त्रज्ञ बसलेला असतो. ख्रिस्तोफर रीव्ह. १९७८ च्या चित्रपटातला सुपरमॅन. मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडून त्यांची मान मोडली, तेव्हापासून मानेखालचं शरीर लुळं पडलेलं. श्वासासाठी यंत्र लागायचं, आणि एकेक वाक्य त्या श्वासाच्या लयीत बोलावं लागायचं. त्या बोलण्यातून ते समोरच्या पोराला सांगतात की तुझं नाव काल-एल आहे, तू क्रिप्टनचा आहेस, आणि क्रिप्टन आता उरलेला नाही. मागे जॉन विल्यम्सच्या जुन्या संगीताचे सूर. पुढे रीव्ह आणि वेलिंग यांनी मिळून पाठीच्या कण्याच्या दुखापतींवर संशोधनाला मदत करणाऱ्या रीव्ह यांच्या संस्थेसाठी आवाहनही केलं. रीव्ह १० ऑक्टोबर २००४ ला गेले. सर, जो माणूस कधीकाळी पडद्यावर उडत होता, तो जागेवरून हलू शकत नसताना पुढच्या पोराला 'तू उडणार आहेस' हे सांगतो. यातली भावना मी आणलेली नाही, ती तिथेच आहे.

ज्या वेलिंगला रीव्ह यांनी त्याचं नाव सांगितलं, तोच सोळा वर्षांनी 'क्रायसिस'मध्ये कुऱ्हाड घेऊन उभा आहे. आता जुना तो झालाय.

दुसरा भाग कार्टूनचा आहे, म्हणून टाळू नका. 'बिवेअर द ग्रे घोस्ट', १९९२. ॲडम वेस्ट १९६६ ते १९६८ मध्ये १२० भागांत बॅटमॅन होते, आणि त्या एका भूमिकेचा शिक्का असा बसला की पुढे कामं मिळेनात. या भागात त्यांचा आवाज आहे सायमन ट्रेंट नावाच्या म्हाताऱ्या नटाला. ट्रेंट एकेकाळी टीव्हीवर ग्रे घोस्ट नावाच्या वीराचं काम करायचा. आता काम नाही, भाडं द्यायला पैसे नाहीत, जुन्या मालिकेच्या वस्तू विकून दिवस काढतोय. आणि बॅटमॅन त्याला येऊन सांगतो की मी लहानपणी वडिलांबरोबर बसून तुझी मालिका पाहायचो, तू माझा आदर्श होतास. हे सांगणारा आवाज केव्हिन कॉनरॉय यांचा. मला नाही वाटत वेस्ट यांना त्यांच्या व्यवसायाने याहून मोठं काही दिलं असेल.

आम्ही इथे 'द फ्लॅश' मालिका पहिल्यापासून पाहिली, मुलं तिच्याबरोबर मोठी झाली. २०२३ च्या शेवटच्या मोसमात ऑलिव्हर परत आला तेव्हा घरात सगळे रडले. पण सिस्को का नाही? नऊ वर्षांची मालिका संपते आणि सिस्को नाही, हे पटत नाही.
*एडिसन, न्यू जर्सी*

मलाही पटलं नाही. पहिल्या भागापासून बॅरीच्या सोबत्याची, प्रयोगशाळेतली ती जागा सिस्कोची होती. कार्लोस व्हाल्डेस २०२१ मध्ये सातव्या मोसमात मालिका सोडून गेले आणि शेवटालाही दिसले नाहीत. शेवटच्या चार भागांत जुने शत्रू एकामागून एक उभे केले आहेत, थॉन, झूम, सॅव्हिटार, गॉडस्पीड. त्यातले दोन कमी चालले असते. एक दार उघडून सिस्को आत आला असता तर बास होतं.

ऑलिव्हरबद्दल मात्र तुमच्या घराशी सहमत. २६ एप्रिल २०२३ चा नववा भाग. बॅरीचा तिसावा वाढदिवस, घरात पाहुणे, किती दिवसांनी वॉली आलेला, डिगल आलेला. आणि ब्लडवर्क हा जुना शत्रू परततो. सेंधिल रामामूर्ती हे भारतीय वंशाचे नट त्याच्या भूमिकेत आहेत आणि भीती कशी घालायची हे त्यांना नेमकं कळतं. 'ॲरो' मालिकेचा नायक, मेलेला ऑलिव्हर क्वीन, म्हणजे स्टीव्हन अमेल, मदतीला येतो. लढाई मला फारशी आठवत नाही. आठवतं ते दोघांचं शांतपणे बोलणं. मालिकेच्या पहिल्याच भागात गच्चीवर याच ऑलिव्हरने बॅरीला सांगितलं होतं की वीज तुझ्यावर पडली नाही, तिने तुला निवडलं. त्याआधी डिसेंबर २०१३ मध्ये बॅरी पहिल्यांदा दिसला तोही ऑलिव्हरच्या 'ॲरो' मालिकेत पाहुणा म्हणून. 'क्रायसिस'मध्ये ऑलिव्हर मेला तेव्हा दोघांना सावकाश बोलायला वेळच मिळाला नव्हता, जग बुडत होतं. तो वेळ इथे दिला.

आणि त्याच्या पुढचाच भाग, ३ मे चा. बॅरी २००० सालात जाऊन पडतो, आईच्या खुनाच्या दिवशी. हेन्री आणि नोरा दोघेही जिवंत, घरात वावरताहेत. शिप आणि मिशेल हॅरिसन. चिपळूणच्या माझ्या छोट्या मित्राला हेही सांगायला हवं: या भागात शिप आले ते ना जे गॅरिक म्हणून, ना जुना फ्लॅश म्हणून. बाप म्हणूनच आले.

आमच्या वाचनालयाच्या गटाने हे एकत्र पाहायचं ठरवलंय. पाच भाग पाच वेगवेगळ्या मालिकांत आहेत म्हणे. क्रम काय? आधी काय पाहायलाच हवं?
*मडगाव, गोवा*

क्रम असा: पहिला भाग 'सुपरगर्ल'मध्ये, दुसरा 'बॅटवुमन'मध्ये, तिसरा 'द फ्लॅश'मध्ये, चौथा 'ॲरो'त आणि पाचवा 'लेजंड्स ऑफ टुमॉरो'त. पहिले तीन ८, ९ आणि १० डिसेंबर २०१९ ला दाखवले, शेवटचे दोन एकाच रात्री, १४ जानेवारी २०२० ला. तो ग्रँट गस्टिनचा तिसावा वाढदिवस होता. तुम्हीही तिसऱ्या भागानंतर काही दिवस थांबा. तिथे सगळं संपल्यासारखं होतं आणि ते संपल्यासारखं वाटू द्यायला हवं.

आधी सगळ्या मालिका पाहत बसू नका, वर्ष जाईल. 'ट्रिकस्टर्स', मग 'द फ्लॅश'च्या दुसऱ्या मोसमाचे शेवटचे दोन भाग, मग 'एल्सवर्ल्ड्स'चे तीन. १९९० च्या मालिकेचा पहिला भाग मिळाला तर सर्वांत आधी तो दाखवा, म्हणजे टीना कोण हे गटाला ठाऊक असेल. तिसऱ्या भागात म्हातारा फ्लॅश यंत्रावर चढला की कोणी बोलू नये एवढं सांगून ठेवा, धून हळू सुरू होते.

पाचव्या भागात एक दाढीवाला गृहस्थ रस्त्यावर फ्लॅश आणि सुपरगर्लला थांबवून त्यांची सही मागतो. नवखे प्रेक्षक त्याला गर्दीतला कोणीतरी समजतात. तिथे चित्र थांबवा आणि गटाला सांगा, हे मार्व्ह वुल्फमन. १९८५ साली या दोघांना कागदावर ज्यांनी मारलं ते लेखक.